हळू मारलेले बॉल

माझ्या छातीच्या गार्डचं मागचं बक्कल माझी भावजय लावते, आणि तिचं मी लावते. हॉकीतल्या गोलकीपरच्या अंगावर इतकं चिलखत असतं की स्वतःचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत जातच नाही, दुसऱ्या कुणाकडे तरी पाठ करून उभं राहावंच लागतं. ती उभी राहते, मी पट्टा ओढते. मी उभी राहते, ती ओढते. जरा जास्तच ओढते. तोंडातून मात्र एक अक्षर नाही. आमचा अबोला आहे, आणि तो कॅम्पातल्या सगळ्यांना, अगदी मैदानावर पाणी मारणाऱ्या माळ्यालाही ठाऊक आहे. जी आधी बोलेल ती हरली, इतका साधा हिशोब.

लोकांना मोठी गंमत वाटते. देशाच्या टीमच्या दोन गोलकीपर, आणि दोघी नणंद-भावजय! पेपरवाले आले की आम्हाला शेजारी उभं करतात आणि हसायला लावतात. 'एकाच घरातल्या दोन भिंती' असं एकाने छापलं होतं. घर कुठलं? मी ते घर सोडून हॉस्टेलच्या खोलीत पडलेय, ते नाही छापलं मेल्याने.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नणंदच खाष्ट.

ही पोरगी मीच आणली. क्लबच्या मैदानावर फाटके पॅड बांधून गोलमध्ये उभी असायची आणि बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. पण पाय काय चपळ! ते पाय पाहिले आणि म्हटलं, हिचं सोनं होईल. बॉलपासून पळायचं नाही, उलट बॉलवर चालून जायचं, हे मी शिकवलं. माझं जुनं हेल्मेट, जुने ग्लव्हज, सगळं काढून दिलं. 'अगं ताई, हे बघ ना, अगं ताई, ते दाखव ना' करत सावलीसारखी मागे असायची. आमचा धाकटा भाऊ मला स्कूटरवरून न्यायला यायचा. तो लवकर यायला लागला, मग फारच लवकर यायला लागला. लग्न झालं. लग्नानंतर मी 'अगं ताई'ची 'अहो ताई' झाले, आणि 'अहो' आलं तशी माया गेली.

मागच्या वर्षी, हा कॅम्प ज्या मोठ्या स्पर्धेसाठी लागला, तिच्यात शिरकाव मिळवायचे सामने होते. सगळे मी खेळले. एकूण एक. अगदी शेवटच्यात माझा गुडघा पिरगाळला, मला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं आणि उरलेल्या वेळासाठी ही आत गेली. बरोबरी सुटेना म्हणून शूटआउट झालं, त्यात हिने दोन अडवले. झालं! आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हिचाच फोटो.

बरं, तेही मी गिळलं. पण गुडघ्याला पट्टी गुंडाळून घरी पडले होते तेव्हा धाकटा चहा घेऊन आला, कप माझ्या हातात दिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, तू आता थांब ना. तिला मोकळं खेळू दे. तू टीममध्ये असलीस की तिच्यावर मानसिक दडपण येतं."

मानसिक दडपण! आमचा धाकटा गॅरेजात स्कूटरी दुरुस्त करतो. त्याला टायरमधल्या हवेचं दडपण कळतं, दुसरं कुठलं नाही. हे शब्द कुणी पढवले ते मला कळायला वेळ लागला नाही. मी स्वयंपाकघरात पाहिलं. ही ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ताटली पुसत होती. कोरडी ठाक झालेली ताटली, पुन्हा पुन्हा. आई खुर्चीत बसलेली. मला वाटलं आई तरी बोलेल. आई बोलली. "तो काय वावगं सांगतोय का गं? वय होतंच की माणसाचं."

मी बॅग भरली. निघताना त्या पाठीला म्हटलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस ना? मोज." ते आमचं शेवटचं बोलणं.

आता कॅम्पचं सांगते. बाकीच्या पोरींचं बरं असतं हो. फॉरवर्ड दमली की बाहेर येते, दुसरी आत जाते, पाणी पिऊन पहिली पुन्हा आत. गोलकीपर मात्र एकच. दुसरी असते ती अख्खा सामना बाकावर पॅड बांधून बसते, नुसत्या गरमीने घामाघूम होते आणि एकही बॉल न अडवता खोलीवर येऊन पॅड सोडते. मागच्या मोठ्या स्पर्धेत मी अशी बसले होते. तेव्हाची पहिली गोलकीपर माझ्याहून मोठी आणि माझ्याहून चांगली होती, त्यामुळे तक्रार नव्हती. म्हटलं, आपलीही पाळी येईल. ती आता आली होती, आणि याच्या पुढची स्पर्धा मी टीव्हीवर बघणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला त्या गोलमध्ये एकदा उभं राहायचं होतं. हावरट म्हणा, काहीही म्हणा. मला ते हवं होतं.

आमचे कोच थंड डोक्याचे. गळ्यात शिट्टी असते, पण वाजवत नाहीत, नुसते बघतात, की समोरच्याची आपोआप चुळबुळ सुरू होते. त्यांनी स्पर्धेच्या तोंडावर परदेशी टीम बोलावली, सरावाचा सामना खेळायला. तीही याच स्पर्धेच्या तयारीत होती, आणि गंमत म्हणजे स्पर्धेतला आमचा पहिलाच सामना त्यांच्याशी होता. म्हणजे दोघंही एकमेकांचं पाणी जोखायला बघत होते.

"पहिला अर्धा सामना ताई, दुसरा अर्धा ही," कोच म्हणाले. मला कॅम्पात सगळेच ताई म्हणतात. "जी चांगली ती स्पर्धेत गोलमध्ये. एकदा ठरलं की ठरलं. नंतर माझ्या दारात रडारड नको."

त्या परदेशी टीममध्ये एक उंच, हाडकुळी पोरगी होती. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बॉल तिलाच. ती वाकून बॉल स्टिकला चिकटवून ओढत आणायची आणि असा सोडायची की नुसता सूं आवाज. आम्ही तिचं नाव गोफण ठेवलं होतं. गोफण थांबवली ती जिंकली, हे लहान पोरालाही कळत होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं पुढचं त्यावर आहे. सामन्याआधी गोलकीपरला तयार करायचं काम दुसऱ्या गोलकीपरचं. आमच्या क्लबच्या म्हाताऱ्या सरांनी ती रीत मला शिकवली आणि मी हिला. आधी हळू बॉल, थेट पायावर. मग जरा जोरात. मग डावीकडे, उजवीकडे, वर. मग सामन्यात येतात त्याहूनही जोरात, अंगावर वळ उठतील असे. कारण डोळा वेगावर बसावा लागतो. हळू बॉलवर बसलेल्या डोळ्याला जोराचा बॉल दिसतच नाही, समोरून येऊन मागे जातो. आणि शेवटचा बॉल जोरातच मारायचा, पण तिला अडवता येईल असा. गोल खाऊन कुणी सामन्यात जायचं नाही. "शेवटचा बॉल गोलकीपरचा," सर म्हणायचे. "मारणारीच्या मनात काहीही असो."

त्या दिवशी मैदानावर पाणी मारून झालं होतं. हिरव्या टर्फवर पाऊल टाकलं की बुटाखाली चुबुक चुबुक वाजत होतं. हिने माझं बक्कल लावलं, जोरात ओढलं, आणि बॉलची जाळी घेऊन समोर जाऊन उभी राहिली.

पहिला बॉल आला. हळू, उजव्या पायावर, माझ्या आवडत्या बाजूला. अडवला. दुसराही तसाच. तिसराही. मी वाट बघतेय, आता वाढवेल, आता वाढवेल. कुठलं काय! एकेक बॉल असा येतोय, जणू अंगणात पोराला खेळवतेय. मी अडवतेय, बाकावरच्या पोरी "वा ताई!" करतायत. आणि खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, लाजली. इतके दिवस मनाला खाल्लं असेल, आता ताईचं चांगलं व्हावं असं वाटत असेल.

मग जीव घाबरा व्हायला लागला. अगं, हा वेग नाही गं चालणार! तोंडाशी आलं होतं, 'जोरात मार.' दोन शब्द. पण बोलणार कशी? आधी बोलेल ती हरली. मी स्टिक जमिनीवर आपटली, हाताने 'ये ये' अशी खूण केली. तिने मान डोलावली, माझ्या हेल्मेटच्या जाळीतून मला दिसेल असं गोड हसली, आणि पुन्हा हळू मारला. शेवटचा बॉल तर असा दिला की मी नुसता पाय पुढे केला आणि तो येऊन टेकला. रीत अगदी पाळली हो तिने! शेवटचा बॉल गोलकीपरचा.

भोंगा वाजला.

सामना सुरू होऊन जरा वेळ झाला आणि त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोफण वाकली. मी तयार, गुडघे वाकवलेले, हात पुढे. मला तो बॉल दिसला नाही. आईशप्पथ सांगते, दिसलाच नाही. गोलच्या मागच्या फळीवर धाड आवाज झाला तेव्हा कळलं की बॉल आत गेला. पुढच्या कॉर्नरलाही तेच. मी हात नेला तिथून बॉल कधीच पुढे गेला होता. त्यानंतर कुठे डोळा बसला. पुढचे सगळे अडवले, एक तर गोफणीचाच अडवला, पण बूंद से गयी ती गेलीच. फलकावर दोन गोल आणि ते माझ्या नावावर.

इंटरव्हलला मी हेल्मेट काढून थेट कोचकडे गेले. डोकं तापलं होतं, कुणाशी काय बोलतेय याचं भान नव्हतं. "सर, हिने मला मुद्दाम हळू बॉल मारले."

कोच नुसते बघत राहिले. "हळू मारले?"

"हो! सगळे हळू!"

कॅप्टन फिसकन हसली. तिचं काय चुकलं म्हणा! जगात कुठल्या गोलकीपरने अशी तक्रार केली असेल की मला सोपे बॉल दिले? माझ्या कानालाच ते वेड्यासारखं ऐकू आलं.

"ताई," कोच म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

मग ही पुढे आली. माझ्याकडे न बघता, डोळे खाली, लग्नाच्या बोलणीला बसलेल्या पोरीसारखा आवाज करून म्हणाली, "सर, ताईंचा गुडघा अजून दुखतो ना. रोज बर्फ लावतात. म्हणून मीच जपून मारले."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे! गुडघ्याचं मी कोचना सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडून 'ठीक आहे' असं लिहून आणलं होतं, आणि खोलीचं दार लावून बर्फ लावत होते. घरी फोनवर आईला तेवढं बोलले होते. आईने हिला सांगितलं, काळजीपोटी सांगितलं असेल, आणि हिने ते जपून ठेवलं, वेळेवर काढलं. कोचची नजर माझ्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच थांबली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओरडायचीही सोय नाही.

"आता तिला तयार कर," कोच मला म्हणाले. "वेळ कमी आहे."

तिने माझ्याकडे पाठ केली. मी तिचं बक्कल लावलं. मी जाऊन बॉल मांडले आणि म्हटलं, थांब भवाने, आता बघ.

हळू बॉल एकही मारला नाही. पहिलाच असा हाणला की तिच्या पॅडवर फाट् आवाज झाला आणि बाकावरच्या पोरी वळून बघायला लागल्या. दुसरा पोटावर. तिसरा खांद्यावर. हे घे, हे तुझ्या ताटलीसाठी. हे मानसिक दडपणासाठी. हे माझ्या गुडघ्यासाठी. एकेका बॉलला मी मनातल्या मनात शिवी घालत होते आणि मारत होते. "ताई, अगं सामना खेळायचाय तिला!" कॅप्टन ओरडली. मी ऐकलं नाही. मला तिला घाबरलेली बघायचं होतं, पूर्वीसारखी डोळे मिटताना. ती दोन वेळा पडली. उठली. तिसऱ्या वेळी पडली नाही.

शेवटचा बॉल उरला. आणि मी रीत मोडली. सरांची रीत, मीच हिला शिकवलेली. वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचाच हात पोचत नाही, तिथे जीव तोडून मारला. म्हटलं, जा आता गोल खाऊन सामन्यात.

ती उडाली. अशी उडाली की जमिनीला समांतर झाली, आणि ग्लव्हच्या टोकाने तो बॉल बाहेर काढला.

अख्खी टीम टाळ्या वाजवायला लागली. परदेशी टीमच्या दोघीतिघींनीही वाजवल्या. ती उठली, अंगावरचं पाणी झटकलं, आणि गोलकडे अशी चालत गेली की मी जागच्या जागी थिजले. मला तेव्हा कळलं. अरे देवा! सामन्याहून जोरात, दोन्ही बाजूंना, वर, खाली, अंगावर. मी हिचा डोळा बसवून दिला होता. आयुष्यात कुणालाही करून दिली नसेल अशी तयारी मी हिला करून दिली होती, आणि वर शेवटचा बॉलही हिचाच झाला होता. करायला गेले काय आणि झालं काय!

दुसऱ्या अर्ध्यात तिने काहीही आत जाऊ दिलं नाही. गोफणीने चार कोपरे शोधले, चारही बंद. शेवटी ती गोफण हसली आणि स्टिक उंचावून हिला सलाम केला. मी बाकावर नखं खात होते.

कोचनी संध्याकाळी ऑफिसात बोलावलं. टेबलावर चहा होता, माझ्यासाठीही होता, त्यावरूनच समजले. वाईट बातमी असली की माणसं चहा देतात. धाकट्यानेही दिला होता.

"ती गोलमध्ये," कोच म्हणाले. "तू येतेस बरोबर. बाकावर बसशील, पण तुझं खरं काम सामन्याआधी. तिला तू तयार करायचं. आज इंटरव्हलमध्ये केलंस ना, अगदी तसं. असं तयार करणारं माणूस मी पाहिलेलं नाही."

मी चहा तसाच ठेवून उठले.

पुढचे दिवस मी फक्त एकच विचार केला. सराव केला, जेवले, झोपले, विमानात बसले, पण डोक्यात एकच. तिने मला जे विष पाजलं त्याची बाटली आता माझ्या हातात होती. सामन्याआधी तिच्यासमोर बॉल घेऊन मी उभी राहणार होते. मी जोरात मारले काय आणि हळू मारले काय, कोण विचारणार? ती कुणाकडे जाणार? 'सर, ताई मला सोपे बॉल देतात'? हसतील तिला, जसे मला हसले.

आणि ते तिलाही कळलं होतं. सरावात कोच उभे असायचे, तेव्हा मी चोख काम करायचे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण ती माझ्याकडे बघायला लागली होती. जेवताना, बसमध्ये, लिफ्टमध्ये. आधी माझ्यापासून नजर चोरायची, आता नजर शोधायला लागली. एकदा कोचना म्हणालीही म्हणे, "सर, सामन्याआधी तुम्हीच बॉल मारा ना." कोच म्हणाले, "ताई असताना मी कशाला?" कॅप्टनने मला ते कौतुकाने येऊन सांगितलं. मी पण कौतुकाने ऐकलं.

सामन्याच्या सकाळी आईचा फोन आला. "नीट तयार कर हो तिला," आई म्हणाली. "काही झालं तरी घरचीच आहे."

"करते ना," मी म्हटलं. "गुडघा बिडघा सांभाळून, अगदी जपून."

आईला काही कळलं नाही. किंवा कळलं असेल, कारण फोन ठेवताना ती नुसतं "अगं..." म्हणाली.

स्टेडियम भरलं होतं. एवढा गोंगाट की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. मी तिचं बक्कल लावलं. पाठ घामाने भिजली होती तिची, अजून एकही बॉल न अडवता. मी बॉल मांडले. कोच बाजूला हाताची घडी घालून उभे, पलीकडे गोफण आपल्या टीमबरोबर पाय ताणत होती.

पहिला बॉल मी हळू मारला. उजव्या पायावर.

तो सगळेच हळू मारतात, त्यात काही नाही. दुसरा हळू मारला. तिसरा. ती ताठ झाली. चौथा मी असा सोडला की तो तिच्यापर्यंत पोचेपर्यंत तिने दोनदा माझ्याकडे बघितलं. तिने स्टिक जमिनीवर आपटली. मी मान डोलावली. गोड हसले. आणि पुन्हा हळू मारला.

खरं सांगू? इतका आनंद मला कुठल्याच सामन्यात झाला नव्हता.

तिने हाताने 'ये ये' केलं. मी हळू. तिने घड्याळाकडे पाहिलं, गोफणीकडे पाहिलं. भोंगा वाजायला थोडाच वेळ उरला होता. पुढचा बॉल तिने अडवलाच नाही, पायाजवळून जाऊ दिला, हेल्मेट उपसून काढलं आणि गोल सोडून माझ्या अंगावर धावत आली.

"अगं ताई, जोरात मार ना!"

अबोला तुटला. तिने तोडला. आणि 'अहो' नाही, 'अगं'. मी मात्र कानामागे हात धरला, जणू गोंगाटात ऐकू आलं नाही.

"मार ना गं जोरात! मला दिसणार नाही तिचा बॉल!" ती रडत होती, नाक लाल झालं होतं, देशाचा शर्ट घातलेली एवढी मोठी बाई. "मी केलं होतं! त्या दिवशी मी मुद्दाम हळू मारले तुला. गुडघ्याचं पण मुद्दाम सांगितलं. मला खेळायचं होतं, म्हणून केलं. झालं समाधान? आता मार!"

कॅप्टन जागीच उभी राहिली. कोचनी हाताची घडी सोडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली टर्फकडे. अंगण वाकडं होतं, हे आता त्यांना कळलं होतं. मी वाट बघितली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. टीमची नावं तर केव्हाच जाऊन पोचली होती, फलकावर तिचं नाव पहिलं झळकतही होतं, तरी मला वाटलं.

"वेळ कमी आहे," कोच म्हणाले.

सगळं खरं बाहेर आलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि गोलमध्ये तीच. मला ओरडून रडावंसं वाटलं. तिच्या डोक्यात स्टिक घालावीशी वाटली. ती समोर उभी होती, हेल्मेट हातात, डोळे पुसायलाही विसरलेली, आणि पहिल्यांदा भेटली होती तेव्हा दिसायची तशीच दिसत होती.

"जा गोलमध्ये," मी म्हटलं.

आणि मारले. उजवीकडे, डावीकडे, वर, छातीवर, गुडघ्यावर. माया म्हणून नाही हो, उगीच गैरसमज नको. रागानेच मारले. पण नेमके मारले, त्या गोफणीचा बॉल जिथे जिथे येतो तिथे तिथे. ती एकेक अडवत गेली. तिचा श्वास परत आला, पाय परत आले, डोळा बसला. मला तो बसलेला दिसला. माझ्याइतका तो कुणाला कळणार?

शेवटचा बॉल उरला. ती थबकली. मी तो कुठे मारणार, हे तिला माहीत नव्हतं, आणि मी पायाजवळ बॉल घेईपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मग मी मारला. पूर्ण ताकदीने, तिच्या डाव्या हाताच्या जरा बाहेर, अडवायला कष्ट पडतील पण अडेल असा. तिने अडवला. भोंगा वाजला.

त्या स्पर्धेत मी खेळले ते तेवढंच.

ती माझ्याजवळून जाताना थांबली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिने.

"वळ," मी म्हटलं. "बक्कल सैल झालंय."

ती वळली. मी पट्टा ओढला, चांगला कचकून ओढला.

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"मग जा."

ती गेली. मी बाकावर जाऊन बसले. पॅड मीही बांधले होते, हेल्मेट मांडीवर होतं. माझं बक्कल लावायचं राहून गेलं होतं, आणि आता लावायला कुणी नव्हतं.